एक गळा, एक तार

गेल्या पावसाळ्यात आमच्या दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत आम्हांस एक गाणे ऐकविले. गाणारा जपानी, भाषा जपानी, आणि आम्हां दोघांपैकी कोणासही त्या भाषेचे एक अक्षर ठाऊक नाही. एका तरुण गायकाने स्वतः रचिलेले व स्वतःच गाइलेले ते नवे गाणे होते. सोबतीस एक लाकडी गिटार. त्यापलीकडे ढोल नाही, झांज नाही, की यंत्रातून काढिलेला सूर नाही. "सर, यात काहीच नाही, तरी बरं वाटतं," असे तो म्हणाला. (भ्रमणध्वनी शाळेत आणू नये असा नियम आहे, तो मोडल्याची शिक्षा त्या विद्यार्थ्यास रीतसर झाली, हे पालकांच्या समाधानासाठी येथेच नमूद करितो.) त्याचा तो 'काहीच नाही' हा शब्द मात्र आमच्या मनात घोळत राहिला, आणि वार्षिकासाठी लेखाची मागणी झाली तेव्हा त्याच शब्दाविषयी काही लिहावे असे आम्ही ठरविले.

आमचे वाटूर हे जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. फाट्यावर दिवसभर वाहने थांबतात व निघतात, आणि प्रत्येक वाहनाबरोबर एक गाणे येते व जाते. लग्नसराईत तर गावात शिरलेल्या वरातीचे ध्वनिक्षेपक आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरवितात. त्या गाण्यात काय नसते? सर्व काही असते. परंतु वरात पुढे गेल्यावर आम्ही एकदा मुलांस विचारले की, आता जे गाणे वाजले त्याची दुसरी ओळ कोणी सांगेल काय? चाल सर्वांनी गुणगुणून दाखविली. पायांचा ठेकाही बरोबर धरिला. परंतु ओळ कोणासच सांगता येईना. शब्द त्या गदारोळात होते खरे, परंतु ते कोणाच्या कानी पडले नव्हते.

आता या लाकडी गिटारीची रचना पाहा. तारेला नुसते छेडले तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट ऐकू येत नाही. कारण बारीक तार फारच थोडी हवा हालवू शकते. ती तार ज्या घोडीवर टेकलेली असते ती घोडी तिचा कंप खालच्या पातळ फळीस देते, फळी पेटीतील हवेस देते, आणि मग तो आवाज खोलीभर होतो. यास वीज लागत नाही. आमच्याकडील एकतारीचे तत्त्वही हेच. भोपळा पोखरून त्यावर कातडे ताणावयाचे, बांबूच्या दांडीवरून एक तार आणून त्या कातड्यावरील घोडीवरून न्यावयाची, एवढ्यात वाद्य सिद्ध झाले. फरक इतकाच की, गिटारीच्या सहा तारांवर बोटे दाबून अनेक सूर एकदम काढिता येतात, आणि एकतारी बिचारी एकच सूर धरून बसते. तो एक सूर गाणाऱ्यास वाट चुकू देत नाही. याहून अधिक तिच्याकडे कोणी मागितलेही नाही.

आणि जो गातो त्यानेच रचावे, जे रचिले ते लोकांत उभे राहून आपल्याच गळ्याने म्हणावे, ही रीत तर आमच्या या गोदावरीच्या खोऱ्यास नवी नव्हे. ज्या रामदासांस सारा महाराष्ट्र समर्थ म्हणतो त्यांचे जन्मग्राम जांब हे आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळिता-कांडिता गाणे ही त्यांची ख्याती. जात्यापाशी बसलेल्या बाईस वाद्यदेखील लागत नाही. जात्याची घरघर हाच तिचा सूर, आणि खुंटा एकदा फिरून समोर आला की तोच तिचा ताल. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी अनेक वर्षे खेडोपाडी हिंडून अशा ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांच्या मुखांतून निघालेल्या त्या ओव्यांची संख्या लाखावर गेली आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली ध्वनिमुद्रित झाला, तो आजही ऐकावयास मिळतो. वाद्य नाही, साथ नाही. एक थकलेला गळा आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेत बोलावयाचे तर त्यातही 'काहीच नाही'. परंतु तो ऐकताना उठून जाण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

असो. जपानी गाण्याकडे वळू. त्या देशात अशी गाणी कोठून आली, याची थोडी चौकशी आम्ही केली, तेव्हा तिचा धागा अनपेक्षितपणे आमच्या मिशनच्याच अंगणात येऊन ठेपला.

जपानात १८७३ पर्यंत ख्रिस्ती धर्माच्या मनाईच्या पाट्या रस्तोरस्ती उभ्या होत्या. त्या निघाल्या, आणि लवकरच त्या देशाने आपल्या शाळांतून पाश्चात्त्य पद्धतीचे गायन शिकविण्याचे मनावर घेतले. १८८० साली अमेरिकेतून ल्यूथर व्हाइटिंग मेसन नावाच्या संगीतशिक्षकास टोकियोस बोलाविण्यात आले. त्यांच्या साहाय्याने मुलांसाठी जी गीतपुस्तके निघाली त्यांत पाश्चात्त्य चालींवर जपानी शब्द बसविलेले होते. शाळांतून ऑर्गन आले. १८८७ साली हामामात्सू या गावच्या प्राथमिक शाळेतील ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करावयास तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिरास बोलाविले असता, त्याने तो उघडून पाहिला आणि 'असा आपणही करू शकू' असे मनाशी घेतले. त्याने केलेला पहिला ऑर्गन त्याने व त्याच्या सोबत्याने खांद्यावरील बांबूस अडकवून, हाकोनेचा डोंगर ओलांडून, पायी टोकियोस नेला. तेथील संगीतशाळेने तपासून सांगितले की, बांधणी ठीक आहे, परंतु सूर चुकले आहेत. तेव्हा हा मनुष्य तेथेच राहून सुरांचे शास्त्र शिकला व परत जाऊन त्याने दुसरा ऑर्गन केला. आज ज्या यामाहा नावाच्या दुचाकी आमच्या फाट्यावरून धडधडत जातात, त्या नावाचा मूळ पुरुष हाच. त्या दुचाकींच्या आवाजावरून मात्र त्याच्या सुरेल कानाची कल्पना कोणी करू नये.

याच सुमारास, १८७५ साली, क्योटो येथे जोसेफ नीसिमा या जपानी ख्रिस्ती गृहस्थाने दोशिशा नावाची शाळा काढिली. ती पुढे विद्यापीठ झाली. तिला साहाय्य केले ते अमेरिकन बोर्डाने. आणि हे तेच बोर्ड होय की ज्याने धाडिलेले गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस पोहोचले व ज्याने १८३१ साली अहमदनगरास (सांप्रतचे अहिल्यानगर) मिशनचे ठाणे घातले. म्हणजे क्योटोची ती शाळा आणि नगरचे मिशन ही एकाच घरची दोन लेकरे.

या दोशिशात ईश्वरज्ञानशास्त्र शिकावयास एका पाळकाचा मुलगा आला. त्याचे नाव नोबुयासू ओकाबायाशी. जन्म १९४६ चा. अभ्यासक्रम पुरा न करिताच तो टोकियोतील सान्या नावाच्या वस्तीत जाऊन राहिला. रोज पहाटे नाक्यावर उभे राहावे, कोणी बोलाविले तर दिवसाची मजुरी मिळावी, न बोलाविले तर उपाशी निजावे, अशा मजुरांची ती वस्ती. तेथे त्याने अंगमेहनत केली, आणि त्या लोकांचे दुःख त्यांच्याच बोलण्याच्या भाषेत गिटारीवर गाइले. सान्याच्या नावाचे त्याचे ते पहिले गाणे १९६८ साली तबकडीवर निघाले. लोकांनी त्यास इतके डोक्यावर घेतले की, काही वर्षांनी तो त्या गोंगाटास कंटाळून खेड्यात शेती करावयास निघून गेला. पुढे त्याने आपल्या देशाच्या खेड्यांतील जुन्या तालांवर गाणी रचिली. तेवीस वर्षे नवा संग्रह नाही, आणि २०२१ साली, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने नव्या गाण्यांचा संग्रह काढिला. त्याचे नाव 'पुनरुत्थानाची सकाळ' अशा अर्थाचे आहे. पाळकाच्या घरातील शब्द पन्नास वर्षांनंतरही त्याच्या तोंडातून गेला नव्हता, असे आम्हांस ते नाव वाचून वाटले. आमच्या विद्यार्थ्याने ऐकविलेला तरुण त्याच्या मानाने नातवाच्या वयाचा. परंतु 'माझे मी रचीन, माझे मी गाईन, आणि तारेपलीकडे काही घेणार नाही' ही त्याची हिंमत ज्या वाटेने आली ती वाट अशा माणसांनी पाडिली.

आता नगरकडे पाहा. आमच्या मंडळ्यांतून प्रथम जी गीते गाइली जात, त्यांतील पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती इंग्रजी चालींवरच म्हणावी लागत. ती भक्तीने केलेली होती, आणि ज्यांनी केली त्यांचे ऋण आम्ही मानितो. परंतु मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि चालीचा दुसरीकडे, असे झाले की भोळ्या माणसाच्या तोंडात शब्द मोडून पडे. जालन्याजवळ बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यासारख्या एतद्देशीय पुढाऱ्यांनी शुभवर्तमान या मुलखाच्या भाषेत सांगितले; नगरास कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची जुनी रीत ख्रिस्तकथेस लाविली. आणि मग नारायण वामन टिळक आले. १८६१ साली कोकणातील करजगावी जन्मलेले हे कवी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेऊन अहमदनगरच्या मिशनात दाखल झाले, आणि त्यांनी अभंग, ओवी, पद या आपल्या घरच्या भांड्यांत ते पाणी भरिले. त्यांची भजने दोनशेच्या वर आमच्या 'उपासना संगीता'त आहेत, आणि निरक्षर म्हाताऱ्यांस ती पुस्तकावाचून येतात. हिंदू भजनी मंडळ्यांतील टाळकरीही ती ऐकून मान डोलविताना आम्ही पाहिले आहेत. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडिला. १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईंस लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, त्यांच्या हातून हे घडले!

टिळक आणि ओकाबायाशी यांस आम्ही एका तराजूत घालीत नाही. एक ईश्वराचे गुण गात देहाने झिजला. दुसरा कित्येकदा ईश्वराशी भांडलाही असेल. परंतु दोघांस एकाच प्रकारचे उसने भांडवल मिळाले, आणि दोघांनीही त्याचे व्याज मोजीत न बसता ते आपल्या जमिनीत पेरिले. वामनदादा कर्डक यांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२ चा, शाळेचे तोंड न पाहिलेला. प्रौढ वयात अक्षरे शिकला, आणि २००४ साली देह ठेवीपर्यंत डॉक्टर आंबेडकरांचा विचार गावोगाव आपल्या गाण्यांतून सांगत हिंडला. आमच्या मराठवाड्यात असा तालुका क्वचित असेल की जेथे वामनदादांचे गाणे कोणाच्या मुखी नाही.

याचा अर्थ, एकतारी हाती घेतली की गाणे चांगले झालेच, असा कोणी घेऊ नये. उलट आहे. मोठ्या वाद्यमेळात पोकळ शब्द लपून जातो. एका तारेवर तो उघडा पडतो. लग्नाच्या मांडवात भाड्याचे दागिने घातलेली नवरी शोभून दिसते, परंतु रोजच्या वावरात माणूस ओळखावा लागतो तो त्याच्या चेहऱ्यावरून. पेटीविषयीही आमचे मत फारसे कठोर नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमास आपल्या दारी येऊ दिले नाही, कारण तिचे ठराविक सूर आपल्या गायनातील मधल्या श्रुती व मींड दाखवू शकत नाहीत. तो आक्षेप शास्त्रशुद्ध होता. तथापि आमच्या खेड्यांतील देवळे, मशिदीजवळच्या कव्वाल्या व मंडळ्यांची उपासना या सर्वांस त्याच पेटीने पन्नास पिढ्यांची ओळख असल्यासारखी साथ दिली, हेही खरे. आमचा आक्षेप वाद्यास नाही. गळ्यास लाज वाटू लागते, तेथे आहे.

ही लाज आम्ही वर्गात पाहतो. कोणास गाणे म्हणावयास सांगितले की हल्ली प्रथम प्रश्न येतो, "सर, ट्रॅक आहे का?" म्हणजे मागे वाजणारे तयार संगीत हवे. ते नसेल तर मुलगा खाली बसतो. आणि स्वतः रचिलेले गाणे आहे काय, असे विचारिले तर सारा वर्ग हसतो, जणू गाणे रचणे हे मुंबईत राहणाऱ्या काही ठराविक लोकांचे काम आहे व त्यांना त्याचा परवाना मिळालेला आहे.

तो हशा यंदा नववीच्या एका विद्यार्थिनीने थांबविला. तिचे नाव आम्ही देत नाही. तिच्या आजीची तशी इच्छा आहे. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून 'एक कोयता' असा त्या कामाचा हिशोब असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडावयाची तर जाणे चुकत नाही. परत येणे उन्हाळ्याच्या तोंडाशी. या भागातील कित्येक लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात व वर्गातील त्यांचे बाक सहा-सहा महिने रिकामे राहतात, हे आमचे पालक जाणतात. ही मुलगी आजीजवळ राहिली म्हणून तिची शाळा टिकली.

ट्रॅक्टर निघून गेल्यावर आठवड्याभरात तिने एक गाणे रचिले. आई पहाटे उठते, कोयता घेते, मोळ्या डोक्यावरून वाहते, आणि रात्री लेकीस फोन करावयास जाते तो पट्टी चढून उंच जागी, कारण खाली आवाज पोहोचत नाही. असे त्यात सारे तिने ऐकलेले. चाल आजीच्या ओवीची. साथीस आजोबांची एकतारी. आजोबा मारुतीच्या पारावर भजन म्हणत, ते वारल्यापासून ती खुंटीवर होती. आजीनेच काढून दिली व तार नवी बसविली.

स्नेहसंमेलनाच्या चाचणीत ते गाणे ऐकून आम्ही शिक्षक मंडळी बराच वेळ काही बोललो नाही. मग चर्चा सुरू झाली. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे पडले की, मुलीचा आवाज बारीक आहे, मंडप मोठा आहे, मागे थोडे संगीत भरले म्हणजे कार्यक्रम उठून दिसेल. हे म्हणणारे तिचे हितचिंतकच होते. आम्ही तिलाच बोलावून विचारिले. ती म्हणाली, "नको सर. मागं वाजलं तर मायला शब्द कळायचे नाहीत."

तिच्या आईस ते ऐकावयाचे होते फडावर, स्वस्तातल्या फोनमधून, चालू गाड्यांच्या आवाजात. संमेलनाचा मंडप तिच्या हिशोबात नव्हताच. मग गाणे जसे होते तसेच राहील असे ठरले.

शाळा सुटल्यावर आठवीच्या खोलीत दारे लावून, पंखा बंद करून, ते गाणे भ्रमणध्वनीवर मुद्रित केले. पहिल्या वेळी फाट्यावरील बसचा कर्णा आत शिरला. दुसऱ्या वेळी एकतारी उतरली. तिसऱ्या वेळी साधले. अडीच मिनिटांचे गाणे. ते त्याच सायंकाळी धाडिले. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या रात्री आईचा फोन आजीकडे आला. गाणे तिने ऐकले होते, तळावरील इतर बायांसही ऐकविले होते, आणि सर्वांच्या वतीने तिची एक दुरुस्ती होती. "पहाटं कुठं? दोन वाजता उठतो आम्ही. गाडी भरून निघायची असती. नीट लिही म्हणावं."

मुलगी ती दुरुस्ती घेऊन आमच्याकडे आली. 'पहाट' हा शब्द तीन अक्षरी. त्या जागी 'मधरात' घातला तर एक अक्षर वाढते, मग चाल मोडेल काय, असा तिचा प्रश्न होता. आम्ही तिला म्हणून पाहावयास सांगितले. ओवीचे अंग सैल असते. तिने ते वाढलेले अक्षर पहिल्याच प्रयत्नात गळ्यात सामावून घेतले, आणि संमेलनात ते गाणे 'मधरात' याच शब्दाने गाइले गेले.